काचघरातली राणी आणि कुत्र्याच्या छत्र्या

भिंगरीला बसलेली कुणी पाहिली नव्हती. जेवायची उभ्याने, चहा प्यायची चालता चालता, आणि झोपेतसुद्धा पाय हलवायची असं तिचा नवरा सांगे. पण तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त, तेव्हा त्याच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. पायाला भिंगरी, म्हणून नावच भिंगरी. सासूबाईंनी ठेवलेलं. कौतुकाने नव्हे.

ती कामाला होती शहरातल्या सरकारी बागेत, काचघरात. भिंती काचेच्या, छप्पर काचेचं, आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरावी अशी कोंदट ऊब. कुंड्या, वाफे, पाण्याच्या नळ्या, आणि अगदी मागच्या कोपऱ्यात, साखळी लावून वेगळा केलेला एक वाफा. त्या वाफ्यात राणी राहायची.

राणी म्हणजे एक झाड. झाड म्हणायला जीभ अडखळते, कारण त्याला पान नाही, फांदी नाही, हिरवा ठिपकासुद्धा नाही. मातीखाली सुरकुतलेल्या बटाट्यासारखा कंद, बस्स. वर्षभर वाफा रिकामा दिसायचा. पण हवा दमट झाली की कधीतरी मातीतून वीतभर फिकट दांडा वर यायचा आणि त्याला पांढरी, मेणासारखी फुलं लोंबायची. चार दिवस राहायची आणि गळायची. असं झाड फार थोड्या ठिकाणी उरलंय म्हणे. त्या चार दिवसांसाठी लांबलांबून लोक यायचे, कॅमेरे घेऊन, श्वास रोखून.

भिंगरीच्या आधी काचघर तिच्या सासऱ्यांकडे होतं. देवमाणूस, पण आळशी तो किती! तुटलेली फांदी, खोक्याची फळी, सडका ओंडका, जे जे बाहेर नेऊन टाकायचं जिवावर यायचं ते ते म्हातारबाबा पायाने राणीच्या वाफ्यात ढकलून द्यायचे आणि पालथ्या बादलीवर बसून डुलकी काढायचे. वाफा कसला, उकिरडाच तो. आणि त्या सडक्या लाकडावर कुत्र्याच्या छत्र्यांचं रान माजलेलं. करड्या, बारक्या, घोळक्याने उगवणाऱ्या. त्या काय, कुठेही येतात. ओल्या कुंपणाच्या खांबावर येतात, मोरीच्या दाराला येतात, दमट लाकूड दिसलं की बिनबोलावता हजर. कुणी त्यांचा फोटो काढत नाही. लाथ मारतात, नाहीतर बघतही नाहीत.

पण राणी दर वर्षी फुलायची, न चुकता.

म्हातारबाबा गेले तेव्हा काचघर कुणाला द्यायचं हा प्रश्न आला. त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे भिंगरीचा दीर, बागेतच फाटकावर होता. फाटकावर होता म्हणजे फाटकाशेजारच्या बाकावर होता. त्याला सगळे अजगर म्हणत. सासूबाईंना वाटलं, बापाची जागा लेकाला मिळणार. पण बागेचे साहेब म्हणाले, "हलणारं माणूस हवं मला," आणि सुनेला नेमलं. तेव्हापासून सासूबाईंच्या तोंडी एकच वाक्य होतं. भांडी आवरताना, केस विंचरताना, कधीकधी नुसतं खिडकीकडे बघून: "मुलाला डावलून सुनेला दिलं."

आणि भिंगरीने सासूबाईंना काही बोलायला जागाच ठेवायची नाही असं ठरवलं. काचघरात शिरली ती बाह्या सारूनच. पहिल्याच आठवड्यात सडकं लाकूड सगळं बाहेर, अवजारांच्या खोलीमागे ढीग. वाफ्यातली काळी चिकट माती चाळून घेतली, वर धुतलेली खडी पसरली, कडेने चुना ओढला. कुत्र्याची छत्री डोकं वर काढताना दिसली की उपटली, वर औषध फवारलं. दुसऱ्या दिवशी दुसरी आली. ती उपटली. ही उगवायची, ती उपटायची. दोघी सारख्याच हट्टी. शेवटी भिंगरी जिंकली. वाफा असा लखलखीत झाला की ताट न घेता त्यावर जेवावं.

त्या वर्षी राणी आली नाही.

पुढच्या वर्षीही नाही. भिंगरीने आणखी खडी धुतली, आणखी चुना ओढला, फरशी सोड्याने घासली. तिसरा हंगाम तोंडावर आला तसं साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "राजधानीतल्या मोठ्या बागेतून मागणी आलीय. या वेळी दांडा दिसला नाही तर झाड ते घेऊन जाणार. इथे मरण्यापेक्षा तिथे जगलेलं बरं. हो ना?"

"हो," म्हणाली भिंगरी. दुसरं काय म्हणणार? पण तिथून बाहेर पडली ती घाबरीघुबरी. राणी गेली की काचघरात उरणार काय, तर कुंड्या. आणि घरी उरणार काय, ते तिला ऐकूच यायला लागलं होतं.

त्या दिवसांत तिला दम म्हणून नव्हता. सकाळी वाफा बघायची, दुपारी वाफा बघायची, घरी निघाली तरी अर्ध्या रस्त्यातून परत फिरायची. खडी बाजूला सारून बघायची, पुन्हा नीट लावायची, पुन्हा सारायची. पाणी कमी पडलं म्हणून घालायची, जास्त झालं म्हणून फडक्याने टिपायची. घरी भाजी करपली. शेजारणीच्या दोरीवरचे कपडे आपले समजून घड्या घालून आणले.

"काय हो, आली का तुमची राणी?" अजगर जेवता जेवता विचारायचा. त्याच्या विचारण्यात खवचटपणा नव्हता, तेवढे कष्ट तो घेत नसे. पण सासूबाई होत्या ना!

"येईल कशाला? तिला घासून घासून घालवली. माझा माणूस होता तेव्हा वर्षाच्या वर्षाला यायची. त्याच्या हाताला गुण होता."

"हात हलवायचे कुठे ते!" भिंगरीच्या तोंडून गेलंच.

"नाही ना हलवायचा! म्हणून तर म्हणते," सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. अजगराने मधल्या मधे दोघींच्या पुढची भाजी आपल्या पानात ओढून घेतली.

हंगाम उलटायला आला आणि राजधानीहून बाई आल्या. वनस्पतिशास्त्राच्या बाई. उंच, गुडघ्यावर माती लागलेल्या विजारीतल्या, बोलण्यात मोकळ्या. सोबत गाडी, गाडीत ओल्या पोत्याने गुंडाळलेली पेटी. पेटीवरून भिंगरीची नजर हटेना. तिने बाईंना काचघर दाखवलं, चालता चालता दोन कुंड्या सरळ केल्या, एक नळी गुंडाळली, एक कोळिष्टक काढलं.

"तुम्ही थांबत नाही वाटतं," बाई म्हणाल्या.

"थांबले की आजारी पडते."

बाई वाफ्याजवळ उकिडव्या बसल्या. खडीकडे बघितलं. चुन्याकडे बघितलं. मग एक खडा उचलून तळहातावर उलटापालटा केला.

"इथे लाकूड होतं ना? जुन्या फोटोत मी पाहिलंय. सडकं लाकूड, त्यावर छत्र्या."

"होतं की! उकिरडा होता नुसता," भिंगरीला वाटलं आता कुठे कौतुक होणार. "सगळा काढला मी. छत्र्या तर मुळासकट. फार चिवट जात हो. एक काढावी तर दुसरी. पण औषध मारून मारून संपवल्या."

बाईंनी डोळे मिटले. दाढ दुखणारा माणूस मिटतो तसे.

"बसा जरा," त्या म्हणाल्या. भिंगरी बसली नाही, पण निदान उभी राहिली. "मला सांगा, राणीत आणि कुत्र्याच्या छत्रीत काय सारखं आहे?"

"काहीच नाही! कुठे राणी, कुठे ती मोरीतली भिकारीण!"

"राणीला पानं आहेत?"

"नाहीत."

"छत्रीला?"

"नाहीत."

"राणीला ऊन लागतं?"

"म्हातारबाबा म्हणायचे, अंधारच बरा तिला."

"छत्रीलाही तसंच. हिरवं पान असलं की झाड उन्हावर आपलं अन्न आपण करतं. या दोघींकडे ते नाही. मग खायचं काय? छत्री लाकूड खाते. लाकडात तिचे पांढरे धागे पसरलेले असतात, वर दिसते ती नुसती टोपी. ती कुजवते, पचवते, कमावते. आणि राणी..." बाईंनी बोटाने खडी दूर केली. "राणीला लाकूड खाता येत नाही. ती मातीखाली छत्रीच्या धाग्यांना चिकटून बसते आणि त्यांच्यातलं ओरपते. एक रांधते, दुसरी जेवते. छत्री कुठेही राणीशिवाय जगेल. राणी छत्रीशिवाय कंदातल्या शिल्लकीवर थोडे दिवस काढेल, पुढे नाही. म्हणून तर छत्र्या गल्लोगल्ली आणि राणी इथे एक, तिथे एक."

भिंगरीच्या हातातलं फडकं पिळता पिळता कोरडं झालं होतं तरी ती पिळतच होती.

"म्हणजे मी..."

"तुम्ही स्वयंपाकघर धुऊन साफ केलंत. स्वयंपाकिणीसकट."

आता कुणी रडली असती, कुणी भांडली असती. भिंगरी घाईने म्हणाली, "आणि आमच्या घरात बसून खाणारा तो अजगर! म्हणजे तोही राणीच की!" पण ते बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच हसू आलं नाही.

बाईंनी बोटांनी माती उकरून कंद चाचपला. सुकून अर्धा झाला होता, पण दाबल्यावर आत घट्ट होता. "जीव आहे अजून. तीच छत्री असलेलं तेच लाकूड मिळालं तर कदाचित. मोठ्या बागेत दुसऱ्या छत्र्या आहेत, ही मानेल का, ते सांगता येत नाही. तुम्ही ते लाकूड टाकलंत कुठे?"

"अवजारांच्या खोलीमागे..." म्हणता म्हणता भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. कारण गेले कित्येक महिने तिने कचऱ्याच्या गाडीवाल्याचं डोकं खाल्लं होतं, की तो ढीग उचल, तो ढीग उचल, घाण दिसते. आणि आज सकाळी फाटकावर तो तिला म्हणाला होता, "आज उचलतो बाई एकदाचा, पण माझा जीव सोडा."

भिंगरी धावली. तशी ती रोजच धावायची, पण त्या दिवशी बागेतल्या माणसांनी वाट सोडली. गुलाबांच्या मधून, कारंज्याला वळसा, मुलांच्या घसरगुंडीखालून. अवजारांच्या खोलीमागे गाडी उभी, मागचं झाकण उघडं, आणि गाडीवाला फावड्याने ढीग आत लोटतोय. पार निम्मा आत गेलेला.

"थांब! थांब रे! फावडं टाक!"

"का?" गाडीवाला थांबला नाही.

"तो ढीग नाही उचलायचा!"

आता मात्र त्याने फावडं टेकवलं. "बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? उन्हाळाभर माझ्या मागे लागलात. साहेबांकडे माझी चुगली केलीत. बायकोला भेटून सांगितलंत की तुझा नवरा कामचुकार आहे. आणि आता म्हणता उचलू नको?"

"ते माझं चुकलं. आता ते गाडीतलंसुद्धा परत काढ."

"काय?"

"परत काढ म्हणते ना!"

"आत माशांच्या बाजारातला कचरा आहे, त्यात कालवलं गेलंय सगळं, ते काढू?" तो गाडीच्या चाकाला टेकून हसायलाच लागला. "उचल म्हटलं तर उचलायचं, टाक म्हटलं तर टाकायचं! घरी नवरा कसा राहतो हो तुमच्यासोबत?"

"राहतोय कुठे? ट्रक चालवतो."

गाडीतलं मिळालं नाही ते नाहीच. पण जमिनीवर निम्मा ढीग होता. भिंगरी गुडघ्यांवर बसली, म्हणजे कित्येक वर्षांत पहिल्यांदा कुठेतरी बसली, आणि वरचा पाला हाताने दूर केला. खाली ओंडके होते, ओले, बोट शिरेल इतके मऊ. त्यांच्या फटीफटीतून कापसासारखे पांढरे धागे, आणि एका कडेला करड्या छत्र्यांचा एक घोळका, वर पडलेल्या कचऱ्याखाली मान वाकडी करून उभा. ज्यांना तिने वेचून वेचून संपवलं होतं, त्याच.

"आहात का ग बायांनो!" भिंगरी म्हणाली. गाडीवाल्याने कपाळावर हात मारला आणि गाडी चालू केली.

साहेबांच्या खोलीत मग बसणं झालं. म्हणजे साहेब बसले, बाई बसल्या, आणि भिंगरी खिडकीचा पडदा सरळ करत उभी राहिली. बाईंचं म्हणणं, लाकूड मिळालंय तर झाड हलवण्यापेक्षा इथेच ठेवावं, ते लाकूड पुन्हा वाफ्यात घालावं आणि वाट बघावी. पुढचा हंगाम.

"पण एक अट आहे," बाई म्हणाल्या. "वाफ्याला हात लावायचा नाही. पाणी आपोआप फवाऱ्यातून मिळेल. पाला पडला, पडू द्या. छत्र्या आल्या, येऊ द्या. वास आला, येऊ द्या. उकरून बघायचं नाही. काही म्हणजे काहीच करायचं नाही."

साहेबांनी भिंगरीकडे बघितलं. "जमेल?"

सगळ्यांना वाटलं ती हो म्हणणार. एरवी ती कशालाही हो म्हणायची, हो म्हणून धावायची. पण भिंगरीने पडदा सोडला. तिला स्वतःची खोड माहीत होती. आज नाही उकरलं तर उद्या उकरीन. एक छत्री राहू देईन, दुसरी राहू देईन, तिसरी खुपायला लागेल. आणि मग एखाद्या सकाळी, कुणी नाही बघून, हळूच.

"नाही जमायचं," ती म्हणाली.

बाईंनी पेटीकडे बघितलं. झालं, आता राणी चालली, असं साहेबांच्याही तोंडावर आलं.

"माझ्याच्याने नाही जमायचं," भिंगरी भरभर बोलली, थांबली तर सुचायचं नाही म्हणून. "पण आपल्याकडे एक माणूस आहे. काही म्हणजे काहीच न करण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. त्याला काचघर द्या. मला फाटकावर टाका, रस्त्यावर टाका, कुठेही टाका."

साहेबांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चहा नाकात गेला.

घरी ही बातमी भिंगरीनेच सांगितली, दारातूनच, चपला काढायच्या आधी. दुसऱ्याच्या तोंडून सासूबाईंच्या कानावर जायला नको होतं. सासूबाई ऐकत राहिल्या. आता बोलतील, मग बोलतील, भिंगरी वाट बघत एका पायावरून दुसऱ्या पायावर. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "तू स्वतः सांगितलंस? साहेबांनी काढली नाही?"

"स्वतः."

"मग आत ये. दारात काय नाचतेस?"

अजगर मात्र नाराज होता. "आत उकडतं म्हणे," तो म्हणाला. "आणि बाक आहे का तिथे?"

वर्ष गेलं. भिंगरी बागेचे रस्ते झाडायची, आणि रस्ते असे चकाकत की लोक चपलेची माती गवतावर पुसून मग रस्त्यावर यायचे. काचघराकडे ती जायची नाही. मुद्दाम लांबून वळायची, आणि बागेत कुणी राणीचं नाव काढलं की झाडू उचलून दुसऱ्या टोकाला पळायची. पण मन तिथेच. हवा दमट झाली तशी तिची तगमग वाढली. झाडलेलं पुन्हा झाडू लागली. संध्याकाळी अजगर घरी आला की त्याच्या तोंडाकडे बघायची. अजगराच्या तोंडावर काही लिहिलेलं असलं तरी ते वाचणारा अजून जन्मायचा होता. विचारायची तिची हिंमत नव्हती. "नाही" हा शब्द कानावर पडला तर?

आणि एका दुपारी जेवताना, दुसऱ्यांदा वाढून घेता घेता, अजगर म्हणाला, "हो, वहिनी, एक सांगायचं राहिलं. ते तुमचं आलंय."

"काय आलंय?"

"ते. पांढरं. राणी का काय."

भिंगरीच्या हातातला डाव खाली पडला. "कधी?"

"झाले की दोन-तीन दिवस. चार असतील. साहेब नाचतायत तिकडे. मला वाटलं तुम्हाला कळलं असेल."

"चार दिवस! आणि आज सांगताय! अहो भाऊजी, चार दिवसांचं तर आयुष्य त्याचं! तुमच्या जिभेला काय गंज चढला होता?"

"तुम्ही विचारलंच नाही," अजगर म्हणाला, आणि ते खरंच होतं. सासूबाई हसू दाबायला पाणी प्यायला उठल्या.

ती पोहोचली तेव्हा काचघरासमोर माणसांची रांग. आत बाई होत्या, साहेब होते, कॅमेरे होते. भिंगरी रांगेत उभी राहिली, पण रांगेत उभं राहणं हे काय तिचं काम? ती कडेने मागे गेली, जिथे बाहेरून काचेला लागून राणीचा कोपरा होता. काच शेवाळाने हिरवीगार झालेली. अजगराच्या राज्यात दुसरं काय होणार? आतलं काही दिसेना, नुसता एक पांढरा ठिपका.

तिने खांद्यावरचं फडकं काढलं, डबक्यात भिजवलं आणि काच घासायला लागली. बाहेरून. बाहेरून घासायला कुणी मनाई केली नव्हती. हिरवं उतरत गेलं तसा आतला वाफा दिसायला लागला. सडकी फळी, कुजका पाला, त्यावर करड्या छत्र्यांचे घोळकेच्या घोळके, एकीवर एक, आणि त्यांच्या मधून तो फिकट दांडा. वरची फुलं गळून खाली पडली होती. खालची दोनच उरली होती, एक थोडं काळवंडलेलं.

भिंगरीने आणखी जोराने घासलं. उजेड आत पडला तसा आतून काचेवर कुणीतरी टकटक केलं. अजगर. जेवून मागाहून आलेला, आल्या आल्या आडवा झालेला, आता डोळे चोळत.

"वहिनी, ऊन डोळ्यांवर येतंय!"

"मग तिकडे सरकून झोपा," भिंगरी म्हणाली, आणि पुढची काच घेतली.